चार रमाबाई आणि कपड्यांची दोरी

पत्र

माझी मुलगी आठवीत आहे. जानेवारीत शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता ‘स्त्रीशिक्षणाच्या शिल्पकार’. तिने रमाबाई घेतल्या. माहिती मी गोळा केली, रात्री ओटा आवरून झाल्यावर, मोबाइलवरून. भाषणही मीच लिहिलं. तिने मन लावून पाठ केलं, हातवारे बसवले. स्टेजवर ती म्हणाली, ‘पंडिता रमाबाई रानडे यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पाठिंब्याने पुण्यात सेवासदन काढले.’ परीक्षक हसले. त्यातले एक माइकवरून म्हणाले, ‘बाळ, रानड्यांच्या घरात हे कधी झालं? आम्हाला कुणी कळवलंच नाही!’ सगळं सभागृह हसलं. तेव्हापासून वर्गातली मुलं तिला ‘पंडिता’ म्हणून चिडवतात. ती आता स्टेजचं नाव काढू देत नाही, इतिहासाचं पुस्तक उघडत नाही. म्हणते, ‘सगळ्यांची नावं सारखीच असली तर मी काय करू?’ चूक माझी आहे. मी शाळेत तक्रार करावी का? आणि या नावांचा गुंता तिला कसा समजावू? खरं सांगायचं तर मलाच तो नीट कळलेला नाही.
– एक आई, नाशिक
ता. क. घरी सासूबाईही हसल्या. त्यांचंही नाव रमाच.

उत्तर

ताई, तक्रारीचं आधी बोलू, म्हणजे तो विषय संपेल. वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा. एकट्या जा, मुलीला नेऊ नका. शांतपणे सांगा, की भाषणात चूक होती हे मान्य, पण तेरा वर्षांच्या मुलीला माइकवरून टोमणा मारून ती दाखवायची नसते. एवढंच. लेखी अर्ज, पालकांच्या ग्रुपवर मेसेज, त्यावर पन्नास जणांचे अंगठे, यातलं काही करू नका. त्याने प्रकरण आणखी महिनाभर जिवंत राहील आणि चिडवणाऱ्यांना नवा दारूगोळा मिळेल.

आता तुमच्या मनाला लागलंय त्याबद्दल. ‘भाषण मीच लिहिलं’ असं तुम्ही गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलंय. रमाबाई रानड्यांचं पहिलं जाहीर भाषण कुठे झालं, ठाऊक आहे? तुमच्याच नाशिकात. हायस्कुलातल्या समारंभाला त्यांना पाहुणी म्हणून बोलावलं होतं आणि ते भाषण त्यांच्या यजमानांनी लिहून दिलं होतं. पुढे याच बाईंनी पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी करायला गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीत भाषण वाचलं, आणि घरी आल्यावर सासरच्या बायकांची बोलणी खाल्ली. त्यामुळे दुसऱ्याने लिहून दिलेलं भाषण आणि ते केल्यावर घरच्यांचं हसणं, दोन्हीची परंपरा बरीच जुनी आहे.

तुमच्या लेकीचं ते वाक्य मी कागदावर लिहून घेतलं आणि तांदूळ निवडावे तसं निवडलं. फार गमतीचं निघालं. तुम्हीही तिला जवळ बसवून हेच करा.

‘ख्रिस्ती धर्म स्वीकारला.’ हे पंडिता रमाबाईंचं, साल १८८३, ठिकाण इंग्लंड. ‘पुण्यात सेवासदन काढले.’ हे रमाबाई रानड्यांचं, साल १९०९. इथपर्यंत परीक्षकांना कळलं आणि ते हसले. पण मधला तुकडा बघा, ‘न्यायमूर्ती रानडे यांच्या पाठिंब्याने’. न्यायमूर्ती गेले १९०१ मध्ये. आठ वर्षांनी निघालेल्या सेवासदनाला ते पाठिंबा कुठून देणार? मग हा तुकडा सपशेल चूक का? तसंही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. त्याच्या सल्लागार मंडळात रानडे होते, संस्कृतचे विद्वान रा. गो. भांडारकरही होते. सदनातल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय असा गवगवा झाला, तेव्हा १८९३ मध्ये दोघेही त्यातून बाहेर पडले. म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांचा पाठिंबा ही गोष्ट खरी आहे, फक्त ती त्यांच्या बायकोच्या संस्थेची नव्हे, दुसऱ्या रमाबाईंच्या संस्थेची आहे!

आता सांगा, यात एखाद्या पोरीची गल्लत होणार नाही तर काय होईल? वाक्यात तीन गोष्टी, तिन्ही खऱ्या, दोन एका बाईंच्या, एक दुसऱ्या बाईंची, आणि ‘रानडे’ हा माणूस दोघींच्या गोष्टीत हजर. ज्यांनी माइक हातात घेतला त्यांनाही ही मधली गाठ दिसली नाही. दिसली असती तर त्यांनी तीही बोलून दाखवली असती, असा माझा अंदाज.

आता दोघींना वेगवेगळं बसवू.

पंडिता रमाबाई १८५८ च्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे. मुलींनी अक्षरओळख करून घेणंही पाप समजलं जाई त्या काळात या गृहस्थांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यापायी गावकऱ्यांचा रोष घेतला आणि पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. रमा तिथेच जन्मली. पुढे सगळं कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी हिंडलं. दुष्काळाच्या त्या वर्षांत आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत पारखलं आणि तिला ‘पंडिता’ म्हटलं, मागून ‘सरस्वती’ही. नंतर भाऊ गेला. एका बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न झालं, ते दोन वर्षंही टिकलं नाही, नवरा पटकीने गेला. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन ही बाई १८८२ मध्ये पुण्यात आली.

रमाबाई रानडे १८६२ च्या, सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा पाटीवर मुळाक्षरंही गिरवलेली नव्हती. नवरा एकतीस वर्षांचा, दुसरेपणाचा. त्याने रात्री बसवून शिकवायला सुरुवात केली. घरात सासू, नणंदा, आत्या, चुलत्या अशा बायकांचा मोठा गोतावळा, आणि ही सूनबाई पुस्तक घेऊन बसते म्हणून दिवसभर तिला टोचून बोलणं. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९१० मध्ये त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. तुम्ही ते मिळवून वाचाच. त्यातला स्वयंपाकघरातला छळ वाचताना तुम्हाला वाटेल, ही बाई शेजारच्या बिऱ्हाडातली आहे.

एक रानावनातून पायी आलेली, जिला विचारणारं मागे कुणीच उरलं नव्हतं. दुसरी भरल्या वाड्यातली, जिला विचारणाऱ्या दहा बायका. आणि १८८२ मध्ये या दोघी पुण्यात समोरासमोर आल्या. पंडिताबाईंनी आर्य महिला समाज काढला आणि रानड्यांची रमा तिथे जाऊ लागली. त्या सभेत कुणी ‘अहो रमाबाई’ अशी हाक मारली असेल तेव्हा दोन माना वळल्या असतील, हे चित्र मला फार आवडतं. त्यांच्या काळातल्यांनाही हा घोळ होताच की. म्हणून तर एकीच्या नावामागे ‘पंडिता’ इतकं घट्ट बसलं, की तिचं आडनाव आज दहातल्या नऊ जणांना सांगता यायचं नाही.

पण थांबा, ताई. घोळ दोघींवर संपत नाही.

त्याआधी शंभरएक वर्षं पुण्यात आणखी एक रमाबाई होऊन गेल्या, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. १७७२ मध्ये माधवराव क्षयाने थेऊरला गेले आणि या तिथेच सती गेल्या. आता गंमत बघा. न्यायमूर्तींचं नाव महादेव गोविंद, पण लोक त्यांना माधवरावच म्हणत. म्हणजे पुण्यात एक माधवराव-रमाबाई अठराव्या शतकात आणि दुसरे माधवराव-रमाबाई एकोणिसाव्या शतकात. दोन्ही जोड्यांवर मालिका आल्या. माझ्या शेजारच्या काकू अजून म्हणतात, ‘ती नाही का रमा, आधी शिकली आणि मग सती गेली!’ मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

हा नुसता योगायोग नाही बरं का. ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, ‘धव’ म्हणजे नवरा. माधव म्हणजे लक्ष्मीचा नवरा, आणि रमा हे लक्ष्मीचंच नाव. माधवरावाच्या बायकोचं नाव रमा ठेवणं हे पूर्वी भटजींच्या जिभेवरच असायचं. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीने त्यात सुनेचं नवं नाव लिहायचं, आणि त्या क्षणापासून माहेरचं नाव संपायचं. रमाबाई रानड्यांचं माहेरचं नाव होतं यमुना. आता आणखी एक यमुना सांगते, कल्याणची, १८६५ ची. तिचं लग्न झालं गोपाळराव जोश्यांशी, तांदळात नाव आलं आनंदी, आणि १८८६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला ती डॉक्टर झाली. त्या पदवीदान समारंभाला पाहुण्या म्हणून कोण हजर होतं? आपल्या पंडिता रमाबाई. दोघी नात्यातल्या होत्या. शारदा सदनात शिकलेली गोदूबाई, माहेरची जोशी, तीही १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदी झाली. आणि ‘ध’ चा ‘मा’ ज्यांच्या माथी मारला जातो त्या राघोबादादांच्या आनंदीबाई वेगळ्याच.

सारख्या नावांनी पुरुषांचीही गल्लत होते, पण त्यांच्याकडे एक सोय आहे. गोपाळ हरी देशमुख, गोपाळ गणेश आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले. तिघे गोपाळ, तिघेही पुण्याच्या इतिहासातले, पण मधलं बापाचं नाव म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या पाटावर जाऊन बसतो. बाईच्या बाबतीत मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कधी पहिलंही बदलतं. मग तिला शोधायचं कशावरून? लेकीला हा प्रश्न विचारून बघा. उत्तर लगेच देऊ नका. तेरा वर्षांच्या मुलीला यात बोलण्यासारखं पुष्कळ सापडतं, माझा अनुभव आहे.

चौथ्या रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या, १८९८ च्या. लहानपणी रामी म्हणत. १९०६ मध्ये भीमराव आंबेडकरांशी लग्न झालं, १९३५ मध्ये गेल्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं पुस्तक त्यांना ‘रामू’ म्हणून अर्पण केलंय. यांच्या बाबतीत लोकांनीच गोंधळ मिटवून टाकला आणि ‘रमाई’ म्हणायला लागले. एका अक्षराचा फरक, पण कुणाची चूक होत नाही. तरी मुंबईतल्या ‘रमाबाई नगर’ची बातमी वाचून ‘रानड्यांच्या ना?’ असं विचारणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत.

लेक म्हणते, ‘सगळ्यांची नावं सारखीच असतात.’ बरोबरच म्हणते. पेशव्यांच्या घरात तर याचा कळस आहे. राघोबादादांच्या मुलांची नावं बाजीराव आणि चिमाजी, म्हणजे हुबेहूब दादांच्या वडिलांची आणि चुलत्यांची जोडी. त्यामुळे थोरल्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा, आणि शेवटच्या बाजीरावांचे भाऊही चिमाजी अप्पाच. पण त्या काळच्या कारकुनाला अडचण पडत नसे. कागदावर ‘बाजीराव बल्लाळ’ असलं की बाळाजींचा मुलगा, ‘बाजीराव रघुनाथ’ असलं की रघुनाथरावांचा. ‘पहिला’, ‘दुसरा’ ही लेबलं पुस्तकवाल्यांनी मागाहून चिकटवली. थोरल्या बाजीरावांना हयातीत कुणी ‘पहिले’ म्हटलं नसणार. दुसरा जन्मायला ते जाऊन पस्तीस वर्षं व्हायची होती!

सारख्या नावाने मीही एकदा फसले आहे. रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट आला, साखर भरमसाट. तीन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायले, सुनेला सूचना दिल्या, मृत्युपत्राचा विचार सुरू केला. चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, ‘आई, या बाईंचं वय ३४ आहे.’ माझंच नाव, माझंच आडनाव, पण बाई दुसऱ्याच. कागदावर वय होतं, पत्ता होता, डॉक्टरांचं नाव होतं. मी वाचलं फक्त नाव, आणि तेवढ्यावर तीन दिवस काढले. तुम्ही रात्री दमून मोबाइलवर वाचलंत तेव्हाही हेच झालं असणार. ‘रमाबाई’ दिसलं की उचललं.

म्हणून आता करायचं काय, ते सांगते. रविवारी दुपारी गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी रिकामी करा. तिच्यावर पन्नास-पन्नास वर्षांच्या अंतराने चिंध्या बांधा, १७५० पासून १९५० पर्यंत. दर रमाबाईसाठी दोन चिमटे, एक जन्माचा, एक मृत्यूचा. पेशव्यांच्या रमाबाईंना एकच चिमटा लावा, १७७२ चा. मधे कागद लटकवायचा, त्यावर नाव. हे पुस्तकात वाचून कळत नाही, दोरीवर एका नजरेत कळतं. पेशवीणबाई एका टोकाला एकट्या, मग ऐंशीहून जास्त वर्षं दोरी मोकळी. मग पंडिताबाई १८५८ ते १९२२ आणि रानड्यांच्या रमाबाई १८६२ ते १९२४, दोन कागद जवळजवळ एकमेकांवर चढलेले. लेकीला बोटाने दाखवा, ‘तुझी गल्लत झाली ती इथे.’ रमाईंचा कागद त्यांना अर्धवट झाकून पुढे जाणारा.

मग तिच्या भाषणातलं एकेक वाक्य कात्रीने कापून वेगळं करा आणि तिला ते लावू द्या. ‘शारदा सदन’ कुणाच्या कागदाला? ‘केडगावचं मुक्ती सदन’? ‘सेवासदन’? ‘शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे साक्ष, १८८२’? साल जुळतं का बघायचं, गाव जुळतं का बघायचं, सोबतची माणसं जुळतात का बघायची. तीनपैकी एक जरी अडलं तरी चिठ्ठी हातात ठेवायची, लावायची नाही. आपल्याकडे टपाल तिकिटंही दोघींची निघाली आहेत, रमाबाई रानड्यांचं १९६२ मध्ये, पंडिताबाईंचं १९८९ मध्ये. दोन्ही शोधून शेजारी शेजारी ठेवा. चेहरे एकदा डोळ्यांत बसले की पुढचं निम्मं काम होतं, कारण मोबाइलवर एकीच्या लेखाला दुसरीचा फोटो लावलेला सर्रास सापडतो. चुकून तुमच्या तक्त्यावरही तोच लागला नव्हता ना, तेवढं बघून घ्या.

आणखी एक. तुम्ही पत्रात लेकीचं नाव लिहिलंय. मी ते इथे छापलं नाही, पण त्याच वर्गात त्याच नावाच्या आणखी दोघी आहेत असंही तुम्ही लिहिलंय. मग बाई हजेरी कशी घेतात? नावापुढे आडनावाचं पहिलं अक्षर लावतात ना? आणि परीक्षेत दुसरीचे मार्क हिच्या नावावर पडले तर ही गप्प बसेल का? दोन दिवस जेवणार नाही. तेच दोन्ही रमाबाईंचं झालंय, एकीचे मार्क दुसरीच्या खात्यावर. एवढं तिला सांगा, बाकी ती आपण होऊन समजेल.

आता स्टेजचं. लगेच पुढच्या स्पर्धेत ढकलू नका. त्याआधी परिपाठ आहे. वर्गशिक्षिकेला भेटाल तेव्हा तक्रारीच्या जोडीला एक विनंती करा, परिपाठात हिला तीन मिनिटं द्या. त्यात हिने म्हणायचं, ‘स्पर्धेत माझं एक वाक्य चुकलं होतं. ते कसं चुकलं ते मी शोधून काढलंय.’ आणि ते वाक्य फळ्यावर लिहून तिन्ही तुकडे वेगळे करून दाखवायचे. मधल्या तुकड्याचं, न्यायमूर्तींच्या पाठिंब्याचं, शेवटी सांगायचं. शिक्षकांपैकीही एखाद-दोन जण ‘अरेच्चा!’ म्हणतील. हे भाषण मात्र तुम्ही लिहायचं नाही. ओटा आवरा आणि झोपा.

‘पंडिता’ म्हणून चिडवतात त्यावर रागावून उपयोग नाही, मुलं जास्तच चेकाळतात. तिने एकदाच, हसत, म्हणावं, ‘ही पदवी कलकत्त्याला परीक्षा घेऊन मिळायची, तुला देऊ का?’ दोन-चार दिवसांत थंड होतील. नाही झाले तर मला पुन्हा लिहा.

राहिल्या तुमच्या सासूबाई. त्या हसल्या म्हणून तुम्ही दुखावलात, ते समजलं. पण ताजा कलम लिहिताना एक गोष्ट तुमच्या हातून सुटली. त्यांचं नाव रमा, म्हणजे ते माहेरचं का सासरचं? मामंजींचं नाव माधव किंवा विष्णूचं दुसरं कुठलं असेल तर माझी खात्री आहे, की हे तांदळात लिहिलेलं नाव. दोरीचा कार्यक्रम चालू असताना त्यांना गॅलरीत खुर्ची टाकून द्या आणि लेकीला विचारायला लावा, ‘आजी, तुझं आधीचं नाव काय होतं?’ तुम्हाला ते ठाऊक नसलं तर मला नवल वाटणार नाही. चिमटे दोन जास्तीचे आणून ठेवा.